ग्राहक आपला, वही परक्याची

पालघर व बोईसर या स्थानकांदरम्यानच्या उमरोळीतील छोट्या व्यावसायिकालाही आज मोबाइलवर धंदा करणे शक्य झाले आहे. २०१६ मध्ये 'यूपीआय' आले, २०१८ मध्ये 'व्हॉट्सअॅप बिझनेस'. मागणी नोंदविणे आणि पैसे स्वीकारणे सोपे झाले. मात्र या दुकानाची जागा परक्याची आहे. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने 'टिकटॉक'वर बंदी घातली आणि तेथे जमविलेला ग्राहकवर्ग दुरावला. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सअॅप सुमारे सहा तास ठप्प होते. माध्यम कितीही सोयीचे असले, तरी ग्राहकांची नावे व दूरध्वनी क्रमांक त्यांच्या संमतीने स्वतःच्या वहीत नोंदवून ठेवणे, हाच छोट्या व्यावसायिकाचा खरा आधार ठरतो.