पिशवी या शब्दाला तिथे काय म्हणतात?



२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया राज्यभर गाजत होत्या. तीस-पस्तिशीतल्या बायका, पाळीच्या तक्रारी, अंगावरून जाणं, आणि जवळच्या खाजगी दवाखान्यातून मिळणारा एकच सल्ला : पिशवी काढून टाका, नाहीतर पुढे कॅन्सर होईल. तोडीवर एक दिवस खाडा पडला की मुकादम पैसे कापणार, तेव्हा बायाही ‘एकदाची कटकट जाऊ दे’ म्हणून तयार होत. शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. हे आकडे तुमच्यापैकी अनेकींना पाठ असतील. मला आज त्या कामातली एक कडेची गोष्ट सांगायची आहे. ती कडेची आहे असं मला तेव्हा वाटलं होतं.

आम्ही तिघी तेव्हा गावोगाव फिरून बायकांशी बोलत होतो. ऑपरेशननंतर अंगाची आग होते, रात्ररात्र झोप नाही, हाडं ठणकतात, कोयता उचलवत नाही, असं बाया सांगत. डॉक्टरांपुढे हे ठेवलं की उत्तर ठरलेलं : “याचा ऑपरेशनशी काही संबंध नाही. या बाया काहीही सांगतात.” संबंध आहे की नाही, हे आम्हाला त्यांच्याच शास्त्राच्या भाषेत बघायचं होतं. पण मी पडले एमएसडब्ल्यू. मुलाखत घेता येते, केस लिहिता येते, मोर्चाची परवानगी काढता येते. वैद्यकातले शोधनिबंध कुठे राहतात हे काही कुणी शिकवलं नव्हतं. इंटरनेटवर शोधलं की चार ओळींचा सारांश दिसे आणि त्याखाली कुलूप. ते उघडायचे एका लेखाला तीसेक डॉलर. आमच्या संस्थेचा महिन्याचा एसटीचा खर्च तेवढा नव्हता.

म्हणून एका मोठ्या संशोधन विद्यापीठाच्या फाटकावर गेले. “विद्यार्थी आहात का? प्राध्यापक? मग आत काय काम?” संस्थेचं शिक्क्याचं पत्र दाखवलं, उपयोग झाला नाही. पुढच्या आठवड्यात एका प्राध्यापिकेच्या ओळखीने आत गेले, आणि विज्ञान विभागाच्या ग्रंथपालबाईंसमोर बसले.

खरं सांगते, ग्रंथपाल म्हणजे पुस्तक उशिरा दिलं की दंड घेणारी व्यक्ती, एवढीच माझी समजूत होती. बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं, कॉम्प्युटरला हातही लावला नाही. मग विचारलं, “या बायांचं नक्की काय काढलंय?”

“पिशवी,” मी म्हटलं.

“नुसती पिशवी, की ओव्हरीजपण?”

मला माहीत नव्हतं. शंभरावर बायकांशी बोलून झालं होतं, आणि मला माहीत नव्हतं.

मग त्यांनी समजावलं. गर्भाशय काढणं आणि बीजकोश काढणं या दोन वेगळ्या गोष्टी. बीजकोश राहिले तर शरीरातला स्त्री-संप्रेरकांचा मुख्य झरा राहतो. ते ऐन तिशीत काढले तर पाळी जाण्याचं सगळं दुखणं एका दिवसात अंगावर येतं, आणि हाडांपासून हृदयापर्यंतचे प्रश्न त्यातून निघतात. वैद्यकाच्या सूचीतही या दोन शस्त्रक्रियांचे कप्पे वेगळे आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने १९६० पासून विषयांची एक ठरलेली शब्दसूची चालवली आहे. लेख लिहिणाऱ्याने कुठलाही शब्द वापरो, सूचीकार त्याला ठरलेल्या शब्दाखाली टाकतो. स्त्रीरोगतज्ज्ञ बोलताना ‘ऊफोरेक्टॉमी’ म्हणतात, सूचीत मुख्य शब्द ‘ओव्हेरिएक्टॉमी’ आहे. “आणि याच शब्दाखाली उंदरांवरचे ढीगभर प्रयोगही येतात, ते आधी वगळायचे,” असं म्हणून बाई हसल्या. ही सूची १९९७ पासून कुणालाही फुकट बघता येते. म्हणजे मी घरी बसून ती बघितलीच होती. नजरेसमोर असून मला दिसत नव्हती, इतकंच.

त्या दुपारी बाईंनी काढून दिलेल्या लेखांत २००६ सालचा ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’मधला एक होता. अमेरिकेत मिनेसोटामधल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी एका परगण्यातल्या बायकांच्या अनेक दशकांच्या नोंदी तपासल्या होत्या. कॅन्सर होऊ नये म्हणून पंचेचाळिशीच्या आत ज्यांचे दोन्ही बीजकोश काढले गेले, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त होतं, आणि ते मुख्यतः ज्यांना नंतर इस्ट्रोजेन दिलं गेलं नाही त्यांच्यात. मी तर आनंदाने उडालेच. बाईंनी जागेवर बसवलं. या बायका कोण, कुठल्या, कधीच्या, हे आधी वाचा म्हणाल्या. शस्त्रक्रिया १९५० ते १९८७ या काळातल्या होत्या. “हे तुमच्या बायांना जसंच्या तसं लावू नका. उलट तपासणीत पहिल्या प्रश्नाला पडाल. अर्थ लावायला डॉक्टरकडे जा, माझं काम इथपर्यंत.”

आम्ही परत गावांत गेलो. आमच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न वाढला : ऑपरेशनचे कागद आहेत का, आणि त्यात काय काढलं असं लिहिलंय? बायकांनी ट्रंका उघडल्या, पिठाच्या डब्यांमागच्या पिशव्या काढल्या. कित्येकींकडे कागदच नव्हते. दवाखान्याने दिलेच नव्हते. काहींच्या डिस्चार्ज कार्डावर ऑपरेशन झालं एवढंच. ज्यांच्याकडे पूर्ण कागद होते, त्यांतल्या काहींना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की पिशवीबरोबर आणखी काही गेलं होतं. एक बाई बराच वेळ तो कागद उलटासुलटा करत बसली. मग म्हणाली, “मंग माजं खोटं नव्हतं तर.”

हा प्रश्न आमच्या तीन वर्षांच्या कामात आला नव्हता. तो आला एका ग्रंथपालबाईकडून, आणि तिने तो मोठ्या स्त्रीवादी जाणिवेतून विचारला असंही नाही. कुठल्या कप्प्यात शोधायचं हे ठरवल्याशिवाय तिचं काम सुरूच होत नव्हतं, म्हणून विचारला.

विज्ञान ग्रंथपालाचं काम असंच असतं हे मला नंतर त्यांच्याकडे जाऊनयेऊन कळलं. पीएच.डी.च्या मुलामुलींना शोध कसा घ्यायचा हे शिकवणं, मागे घेतला गेलेला निबंध कुणी नकळत आधाराला घेतला नाही ना हे बघणं, पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं ओळखायला लावणं, आणि दरवर्षी वाढणाऱ्या वर्गणीपुढे काय ठेवायचं नि काय बंद करायचं याची भांडणं. प्रबंध निघतो तेव्हा पहिल्या पानांत मार्गदर्शकाचे, आईवडिलांचे, पत्नीचे आभार असतात, आणि शेवटी एक ओळ ‘ग्रंथालयातील कर्मचारीवर्गाचे’. पत्नी आणि ग्रंथालय एकाच परिच्छेदात असतात हे काही आपल्याला नवीन नाही.

या पेशात बायका मोठ्या संख्येने आल्या, त्यामागचा इतिहासही वाचण्यासारखा आहे. मेल्विल ड्युई यांनी १८८७ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात ग्रंथालयशास्त्राची शाळा काढली. पहिल्या वीस विद्यार्थ्यांत सतरा बायका होत्या. शिकलेल्या, मेहनती, आणि पुरुषांपेक्षा कमी पगारात मिळणाऱ्या. याच ड्युईंवर सहकारी स्त्रियांशी गैरवर्तनाचे आरोप झाले, आणि अमेरिकेतल्या ग्रंथालय संघटनेने पदकाला दिलेलं त्यांचं नाव काढायला २०१९ साल उजाडलं. आपल्याकडच्या असंख्य ग्रंथालयांत पुस्तकं अजून त्यांच्याच दशांश पद्धतीने लागतात. त्या पद्धतीच्या जुन्या आवृत्त्यांत ‘स्त्री’ हा विषय ३९६ या क्रमांकावर होता. अलीकडे ३९५ वर शिष्टाचार, पलीकडे ३९७ वर भटक्या आणि बहिष्कृत जमाती. पुढे तो बदलला, पण अर्धी मानवजात अनेक वर्षं चालीरीतींच्या फळीवर बसून होती. कप्पे कोण पाडतं हा प्रश्न म्हणूनच आपलाही आहे.

आणि दाराची किल्ली कुणाकडे, हाही. १९८५ मध्ये हैदराबादजवळ पटनचेरूच्या आरोग्य केंद्रात नेट-एन या इंजेक्शनची चाचणी बायकांना नीट काही न सांगता घ्यायला निघाले, तेव्हा स्त्री शक्ती संघटना, सहेली, चिंगारी यांनी १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. आपल्या आधीच्या पिढीने तेव्हापासून हे दाखवून दिलंय की घोषणेइतकाच कागद लागतो, आणि तो कागद दुसऱ्यांच्या ग्रंथालयात असतो.

आता त्या ग्रंथालयांकडे बघा. १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सुरू झाली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं, ६,३०० हून अधिक सरकारी शिक्षण व संशोधन संस्था. चांगली गोष्ट आहे. तालुक्याच्या सरकारी महाविद्यालयातल्या मुलीला ‘लॅन्सेट’ वाचता येईल याचं मला मनापासून कौतुक आहे. पण नाव ‘वन नेशन’, आणि त्या नेशनमध्ये आपण नाही. ऊसतोड कामगार बाई नाही, तिच्यासाठी काम करणारी संस्था नाही, खाजगी दवाखान्यात नोकरी करणारी नर्स नाही. विज्ञान धोरणाच्या आधीच्या मसुद्यात ही वाचनाची सोय सगळ्या देशवासीयांसाठी मांडली होती. ती आक्रसत संस्थांपुरती आली.

सगळ्यांसाठी करता येत नाही, असं म्हणाल तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २००७ मध्ये कोक्रेन लायब्ररीची वर्गणी सबंध देशासाठी भरली होती. भारतातून कुणीही उघडावी आणि वाचावी, ओळखपत्र नाही, पत्र नाही. प्रकाशकांसमोर मान वर करता येत नाही, हेही खरं नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१९ मध्ये एल्सविअर या बलाढ्य प्रकाशकाशी बोलणी मोडली आणि २०२१ मध्ये आपल्याला हवा तसा करार करून घेतला. त्या टेबलावर विद्यापीठाचे ग्रंथपाल बसले होते.

काहीजणी म्हणतील, आता फोनला विचारलं की सगळं मिळतं. मिळतं. पण त्या दिवशी मीही प्रश्नच चुकीचा घेऊन गेले होते.

आपली मागणी फार मोठी नाही. परदेशातल्या अनेक विद्यापीठांच्या करारांत एक कलम असतं : जो प्रत्यक्ष ग्रंथालयात येऊन बसेल, तो कुणीही असो, त्याला तिथल्या संगणकावर वाचता येईल. ते कलम आपल्या सरकारी विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत हवं. पैसा आपल्या करांतून जातो आहे. बीडच्या कार्यकर्तीला त्यासाठी पुण्या-मुंबईला यावं लागू नये, अंबाजोगाईला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. आणि नुसता संगणक नको, त्याच्या शेजारी “नुसती पिशवी, की ओव्हरीजपण?” असं विचारणारी पगारी, कायम नोकरीतली बाई किंवा बुवा हवा. आमच्या ग्रंथपालबाई निवृत्त झाल्या. त्यांच्या खुर्चीवर आता अकरा महिन्यांच्या करारावरची एक मुलगी बसते आणि तिच्याकडे तीन विभाग आहेत.

कुलगुरू आणि शिक्षण संचालकांना द्यायच्या निवेदनाचा मसुदा या अंकाच्या शेवटच्या पानावर आहे. आपापल्या जिल्ह्यातल्या सरकारी महाविद्यालयात तो घेऊन जा, आधी तिथल्या ग्रंथपालांना भेटा, त्या आपल्या विरोधात असतील असं धरून चालू नका. आणि कुठल्या फाटकावरून कुणी काय म्हणून परत पाठवलं ते आम्हाला लिहून पाठवा. तारीख, वेळ आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे.