सह्याद्रीचं सर्टिफिकेट इथे चालत नाही

मंडळी, आज जरा भांडायचा मूड आहे.

सिडनीतल्या आपल्या मराठी ग्रुपात वेंटवर्थ फॉल्सचा बेत निघाला की एक तरी वीर हमखास म्हणतो, "ट्रॅक बंदचा बोर्ड? अरे, आम्ही हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने चढलोय!"

चढला असशील बाबा. पण त्याचा इथे काय संबंध?

सह्याद्री बेसाल्टचा. इकडे ब्लू माउंटन्समध्ये वालुकाश्माचे कडे आणि मधेमधे मऊ, मातकट खडकाचे थर. पाऊस वालुकाश्मातून झिरपतो, मऊ थरापाशी अडतो आणि आडवा बाहेर पडतो. मऊ थर झिजत जातो, वरचा कडा अधांतरी राहतो. मग कधीतरी सुटतो. धबधब्याजवळून कड्याच्या पोटातून जाणारी नॅशनल पासची वाट (विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मजुरांनी खोदलेली, अप्रतिम!) अशाच मऊ थराच्या आधाराने जाते.

४ एप्रिल २०२२ ला खालच्या वेंटवर्थ पासवर दरड कोसळली. सुट्टीवर आलेल्या ब्रिटिश कुटुंबातले वडील आणि नऊ वर्षांचा मुलगा गेले. त्यांनी कुठलंही कुंपण ओलांडलं नव्हतं, वाट उघडी होती. उघड्या वाटेवर ही गत, तर बंद वाटेवर तू दगडाला तुझा अनुभव वाचून दाखवणार आहेस?

"बोर्ड म्हणजे सरकारची कातडी बचाव योजना" हाही एक लाडका मुद्दा. असेल थोडीफार. पण कंपायलरच्या वॉर्निंग बंद करून बिल्ड पास झालं म्हणून नाचणारे आमच्या धंद्यातही भेटतात, त्यांचा कोड कोणी प्रॉडक्शनवर टाकत नाही. शिवाय तू अडकलास की दोर घेऊन येणाऱ्यांत पोलिसांबरोबर स्वयंसेवकही असतात. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रच्या पोरांना सलाम ठोकणाऱ्याला हे मी सांगायचं?

आणि खाली उतरलं नाही तर काही दिसत नाही, हेही खोटं. जानेवारी १८३६ मध्ये चार्ल्स डार्विन इथल्या ओढ्याच्या कडेने चालत आला, कड्यावरूनच दरी बघितली आणि थक्क झाला. त्या ओढ्याकाठी आज त्याच्या नावाची वाट आहे. सुमारे १८७ मीटर पाणी टप्प्याटप्प्याने खाली जातं. लुकआउटवर उभं राहून बघा, डोळे निवतात.

असो. पुढच्या शनिवारी जातोय. निघण्याआधी नॅशनल पार्क्सच्या साइटवर कुठल्या वाटा बंद आहेत ते मी बघणार. ज्याला बोर्ड ओलांडायचाय त्याने आपली गाडी वेगळी काढावी, माझ्या गाडीत जागा नाही.