आपलेच पैसे, पण हिशेब हवा

मैत्रिणींनो, परवा शिरूरहून दौंडला गेले, तर वन्संच्या हाती प्राप्तिकराची नोटीस! त्यांच्या यजमानांनी रांजणगावची नोकरी तीन वर्षांत सोडली. घरात ऑपरेशन निघाले, म्हणून सगळा प्रॉव्हिडंट फंड काढला. विवरणपत्रात दाखवला नाही. ‘आपल्याच पैशांवर कसला हो कर?’ म्हणाल्या.

इथेच आपण फसतो. सलग ५ वर्षे नोकरी झाली नसेल, तर मालकाचा हिस्सा व त्याचे व्याज पगारात आणि आपल्या हिश्शाचे व्याज इतर उत्पन्नात दाखवावे लागते. आपल्या हिश्शावर पूर्वी घेतलेली करसवलतही हिशेबात येते. रक्कम ५०,००० किंवा जास्त असली, तर पॅन दिल्यावर सहसा १० टक्के कापूनच हाती पडते. उत्पन्न करपात्र नसेल, तर कापलेले पैसे विवरणपत्र भरल्यावर परत मिळतात.

स्वतः कामगाराच्याच आजारपणाने नोकरी सुटली, तर हा कर नाही. आणि रांजणगाव सोडून कुरकुंभला लागलात, तर फंड काढू नका, नव्या खात्यात वळवा. दोन्हीकडची वर्षे मिळून धरतात.

घरखर्चाच्या वहीत एक पान फंडाचे ठेवा : नोकरी कधी लागली, कधी सुटली, किती कापले. अडीअडचणीला तेच पान कामी येते, बरं का!