सुगंध ऐकणें

गेल्या माघांत रत्नागिरीहून गणपतिपुळ्यास जातांना आमच्या घरची मंडळी आरे-वाऱ्याच्या किनाऱ्यावर थांबली. मुलांनीं भरतीनें टाकलेलें एक लांकूड सुरूंच्या सावलींत ओढून आणलें आणि चहासाठीं चूल पेटविली. त्या लांकडास मिठाचा व शेवाळाचाच काय तो वास होता! "मेल्या धुराचा पुरे आतां," म्हणून आत्याबाई दूर जाऊन बसल्या.

आम्हांस मात्र जपानांतील एका ओंडक्याची आठवण झाली. इ. स. 595 मध्यें आवाजी बेटास एक ओंडका वाहत येऊन लागला. तेथील लोकांनीं तो सरपणाबरोबर चुलींत घातला, तों सुगंध दूरवर दरवळला. त्यांनीं तो राजदरबारीं नेऊन दिला, अशी 'निहोन शोकी' या 720 सालच्या इतिहासांत नोंद आहे. तें होतें अगरू. झाडास इजा होऊन बुरशी शिरली म्हणजे तें स्वरक्षणार्थ राळ स्रवतें. त्या राळेनें भरलेलें लांकूड म्हणजे अगरू. जपानी भाषेंत त्यास 'बुडणारा सुगंध' म्हणतात, कारण उत्तम अगरू पाण्यांत बुडतें. (मग हा ओंडका तरंगला कसा? त्यांत साधें लांकूडच अधिक असावें.)

पुढें जपान्यांनीं सुगंधाची कलाच केली. राखेंत निखारा पुरून वर अभ्रकाची चकती व तिजवर अगरूचा कण ठेवतात. कण जळत नाहीं, नुसता तापतो. म्हणून धूर जवळजवळ नसतोच. मग पात्र हातीं घेऊन सुगंध 'ऐकावयाचा', असा त्यांचा शब्द आहे. अगरूच्या रुची ते पांच मानतात; आपल्या वैद्यकांतील तुरट तेवढी गाळलेली दिसते! पांच पुड्यांपैकीं कोणत्या सारख्या, हें ओळखण्याचा त्यांचा एक खेळ आहे. त्यांत उत्तरें 52 संभवतात.

घरीं परतल्यावर आम्हीं तो खेळ चंदन, ऊद, धूप आणि बाजारची गुलाबाची उदबत्ती घेऊन मांडला. मुलें चुकलीं, आम्हीही चुकलों. आत्याबाईंनीं डोळे मिटून सारे ओळखले. उदबत्तीपाशीं येतांच त्यांस ठसका लागला. "ह्यांत गुलाब कोठला? हा दिवाळीपासूनचाच धूर," त्या म्हणाल्या. दिवाळीपासून त्या हेंच सांगत होत्या. आम्हीं तें म्हातारपणाचें कुरकुरणें समजून सणावारीं दोनाच्या चार काड्या लावीत होतों!

आतां देवघराची खिडकी उघडी असते व सहाणेवर चंदन उगाळलें जातें. आमच्या वडील बंधूंस मात्र धूर दिसल्यावांचून पूजा झालीसें वाटत नाहीं. त्यांच्याकरितां एक उदबत्ती अंगणांत तुळशीपाशीं लागते.