कोनशिलेवर नसलेला मजकूर

पुतळ्यांविषयी आपल्याकडे दोनच प्रसंगी बोलले जाते : पुतळा बसविताना आणि त्याची विटंबना झाल्यावर. या दोहोंच्या मधली जी कित्येक वर्षे तो चौकात ऊन-पाऊस सोशीत उभा असतो, त्यांचा विचार सहसा कोणी करीत नाही. आमच्या मते पुतळ्याचे खरे आयुष्य तेच. त्या काळात तो समितीचा, पक्षाचा वा नगरपंचायतीचा राहत नाही; येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या घरांतील आठवणींचा होतो. आणि नेमका हाच भाग आपण कोठेही लिहून ठेवीत नाही.

बाबासाहेबांच्या पुतळ्याचे उदाहरण घ्या. कोल्हापूरच्या बिंदू चौकात भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने 1950 साली, खुद्द बाबासाहेबांच्या हयातीत, त्यांचा पुतळा उभा राहिला. शेजारी महात्मा फुल्यांचा. पुढे निळा कोट, हातात संविधान आणि उंचावलेले बोट ही प्रतिमा महाराष्ट्रातील गावोगावी पोचली. मूर्ती सर्वत्र जवळपास सारखीच, परंतु तिच्यापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाला आठवते ते मात्र घरोघर निराळे. आमच्यापैकी एकाच्या आजी ऑक्टोबर 1956 मध्ये दीक्षेसाठी नागपूरला गेल्या होत्या. पुतळा दिसला की त्या संविधानाविषयी बोलत नसत. पांढऱ्या लुगड्याविषयी बोलत. घरात पांढरे लुगडे नव्हते, ते शेजारणीकडून मागून नेले होते आणि परत देताना दोघींनाही रडू आले होते. हे कोणत्या कोनशिलेवर कोरणार?

आठवणी नेहमी अशा मायेच्याच असतात असे मात्र नाही. आम्ही ज्या ढाणकी परिसराविषयी लिहीत आहोत तो उमरखेड तालुक्यातला. पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा, म्हणजे मराठवाडा. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव 1978 मध्ये विधिमंडळाने संमत केला आणि त्यानंतर मराठवाड्यातील दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली. नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडला. मधल्या सोळा वर्षांत नदीच्या दोन्ही तीरांवरील नातलगांनी काय ऐकले, कोणाला आसरा दिला, कोण गप्प राहिले, हे पुतळ्याच्या सावलीत बसणाऱ्या वृद्धांना ठाऊक आहे. एकाच पुतळ्याकडे पाहून एका घराला अभिमान वाटतो, दुसऱ्याला भय आठवते, तिसऱ्याला आपले मौन. सार्वजनिक शिल्पाचा अर्थ या तिन्हींनी मिळून बनतो. त्यातले एकच निवडून त्याला इतिहास म्हणणे आम्हांला मान्य नाही.

साहित्याच्या अभ्यासकांना तर याहून जवळचा दाखला आहे. 3 जानेवारी 2017 रोजी पहाटे पुण्याच्या संभाजी उद्यानातील राम गणेश गडकरी यांचा अर्धपुतळा उखडून मुठेत टाकण्यात आला. कारण सांगितले गेले ते ‘राजसंन्यास’ या गडकऱ्यांच्या अपूर्ण राहिलेल्या नाटकातील संभाजीराजांच्या चित्रणाचे. त्या चित्रणावर कठोर टीका करण्याचा अधिकार कोणालाही आहे. आम्हीही वर्गात ती करतो. परंतु नदीत गेला तो केवळ एका नाटकाचा कर्ता नव्हता. ‘एकच प्याला’ पाहून घरी आलेल्या आणि सिंधूच्या दुःखात स्वतःचे दुःख ओळखलेल्या कितीतरी स्त्रियांचा तो लेखक होता. दारूने उद्ध्वस्त झालेल्या घरांत त्या नाटकाचे नाव नुसते उच्चारले तरी कोणीतरी विषय बदलते. वादाच्या त्या दिवसांत दोन्ही बाजूंनी अस्मितेची भाषा झाली, या घरांची भाषा ऐकू आली नाही. गडकऱ्यांनी 1919 मध्ये देह ठेवला तो आमच्याच विदर्भात, सावनेरला; पण येथेही ती कोणी उच्चारल्याचे आम्हांला स्मरत नाही.

पुतळा हलविला म्हणून आठवण हलत नाही, हे मुंबईने केव्हाच दाखवून दिले आहे. सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा 1965 मध्ये हलवून भायखळ्याला नेण्यात आला. राजा विस्मरणात गेला, पण लोकांनी दिलेले ‘काळा घोडा’ हे नाव त्या जागेला चिकटून राहिले. 2017 मध्ये तेथे नवा घोडा उभारला गेला तो स्वाराविना. लोकांनी शिल्पातून आपल्याला हवे तेवढे ठेवून घेतले.

उलट, घाईने उभारलेल्या पुतळ्याला आठवणी चिकटायला उसंतच मिळत नाही. मालवणजवळ राजकोट येथे 4 डिसेंबर 2023 रोजी अनावरण झालेला शिवरायांचा पुतळा 26 ऑगस्ट 2024 रोजी कोसळला. पुण्यात शिल्पकार वि. पां. करमरकर यांनी घडविलेला अश्वारूढ शिवपुतळा 1928 पासून उभा आहे. दोहोंतील फरक धातुकामाचा आहेच, परंतु वृत्तीचाही आहे. एकाला मुहूर्त गाठायचा होता, दुसऱ्याला पिढ्या.

पुतळे कमी करा किंवा वाढवा, असे आमचे म्हणणे नाही. मागणी अगदी साधी आहे. पुतळा उभारताना मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते, जागेच्या मालकीची कागदपत्रे लागतात. आठवणींचा कागद मात्र कोणी मागत नाही. तो मराठी विभागांनी तयार करावा. लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी आपले विद्यार्थी ओव्या आणि म्हणी गोळा करतातच. त्याच वहीत आपल्या चौकातील पुतळ्याविषयी घरातील ज्येष्ठ काय सांगतात तेही उतरवून घ्यावे. वर्गणी कोणी दिली, कोणी दिली नाही, पुतळा आला त्या दिवशी घरात काय शिजले, कोण भांडले, हे सारे. परस्परविरोधी आठवणी शेजारी शेजारी नोंदवाव्यात, त्यांची तडजोड करू नये.

1956 साली जे विशीत होते ते आज नव्वदीच्या आसपास आहेत. पुतळ्याची डागडुजी पुढच्या वर्षीही करता येईल. या माणसांचे सांगणे ऐकायला मात्र पुढचे वर्ष मिळेलच असे नाही.