जुनं फर्निचर घ्या, पण डोळे उघडे ठेवून!



दरवर्षी जून महिना आला की पालकसभेत हा विषय निघतोच. "सर, स्टडी टेबल घ्यायचंय. दुकानात हप्त्यावर मिळतंय. घेऊ का?" माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी जुन्या बाजारात एक चक्कर मारा.

जुनी वस्तू घेणं म्हणजे कमीपणा, असं आपल्याकडे अजूनही अनेकांना वाटतं. मला तसं वाटत नाही. आज स्वस्तात मिळणारं नवं टेबल बहुतेक वेळा भुसा दाबून केलेल्या बोर्डाचं असतं. फरशी पुसताना दोन-चार वेळा पाणी लागलं की ते फुगतं. एकदा स्क्रू निघाला की पुन्हा घट्ट बसत नाही. उलट जुनं सागाचं टेबल सुताराकडे नेलं की नवं होतं. मुलासाठी उंच होत असेल तर त्याचे पाय कापूनही घेता येतात. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, मुंबईत जोगेश्वरीचं ओशिवरा मार्केट अशी ठिकाणं आहेत. तालुक्याच्या गावीही भंगारवाले आणि जुनं सामान विकणारे असतातच.

पण स्वस्त दिसलं म्हणून लगेच उचलायचं नाही. ही चूक मी स्वतः केली आहे. वर्गात पुस्तक कोपरा करण्यासाठी पालकांनी वर्गणी काढून १२०० रुपये दिले होते. मी एक लाकडी मांडणी पाहिली, वरून पॉलिश चकचकीत होतं, घेऊन टाकली. दोन महिन्यांत फळ्यांखाली पिठासारखा भुसा पडायला लागला. आज बघू, उद्या बघू करत राहिलो. एक दिवस मधली फळी पुस्तकांसकट खाली आली. मुलं मधल्या सुट्टीत बाहेर होती म्हणून निभावलं. पैसे गेल्यापेक्षा जास्त वाईट याचं वाटलं की ते पैसे रोजंदारीवर जाणाऱ्या आईवडिलांचे होते.

तेव्हापासून मी काही गोष्टी पाहिल्याशिवाय पैसे काढत नाही.

१. वस्तू उलटी करा. खालची आणि मागची बाजू खरं सांगते. टाचणीएवढी भोकं आणि ताजा भुसा दिसला तर आत कीड आहे.

२. हलवून बघा. नुसता सांधा ढिला असेल तर सुतार दुरुस्त करतो. लाकूडच चिरलं असेल तर सोडून द्या.

३. गादीची खुर्ची, सोफा, पलंग घेताना शिवणी आणि सांधे टॉर्चने तपासा. काळे ठिपके म्हणजे ढेकूण असू शकतात. ते काही महिने उपाशी राहूनही जगतात, त्यामुळे "घर बंद होतं" या बोलण्यावर जाऊ नका.

४. लोखंडी कपाट असेल तर तळाचा गंज आणि कुलूप बघा.

५. जुना रंग पोपडे धरून निघत असेल तर लहान मुलांसाठी ती वस्तू नकोच. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं जास्त असू शकतं. असा रंग घरात कोरडा घासूही नका.

६. टेम्पो, हमाली, सुतार हे सगळं धरून किंमत काढा. ८०० चं टेबल घरी येईपर्यंत १८०० चं होतं.

आणि हो, जाताना मुलाला आणि मोजपट्टीला सोबत न्या. दाराची रुंदी, जिन्याचं वळण त्यालाच मोजू द्या. खुर्चीत बसवून बघा. पाय जमिनीला टेकतात का? कोपर टेबलाच्या उंचीला येतं का? चौथीच्या गणितातलं मापन आणि व्यवहार दोन्ही तिथेच शिकून होतं.

टेबल नवं की जुनं, यावर मुलाचा अभ्यास अवलंबून नसतो. पण हप्त्याच्या काळजीत असलेल्या घरात मुलाचंही अभ्यासात लक्ष लागत नाही. हे मी वर्गात रोज बघतो.