डीपी जळते ती नशिबानं नाही



गेल्या रब्बीत आमची डीपी जळाली. गहू ओंबीवर, आणि नऊ दिवस पाणी नाही. दाणा बारीक राहिला. सगळ्यांनी वीजवाल्यांना शिव्या घातल्या, मीपण घातल्या. दुरुस्तीला उशीर झाला ही चूक त्यांचीच. पण डीपी जळाली कशानं, हे आपण आपल्याला विचारलंच नाही.

हिशोब करून बघा. 63 केव्हीएची डीपी साधारण 84 अँपियर झेलते. 5 एचपीची मोटर चालू असताना साडेसात अँपियरच्या आसपास घेते. म्हणजे 10 मोटरी आरामात चालतात. पण मोटर सुरू होताना काही क्षण पाच-सहा पट करंट ओढते. दहाही स्टार्टरला ऑटो असले की लाईट आल्याबरोबर डीपीवर पावणेचारशे अँपियरच्या वर झटका. व्होल्टेज पडतं, मोटरी लवकर वेग घेत नाहीत, झटका लांबतो. फ्यूज उडायला पाहिजे, तर तिथं आपणच जाड तार घातलेली!

ऑटो आपण हौसेनं लावला नाही. रात्री दोनला लाईट आली तर साप-विंचवात कोण जाणार? म्हणून दिवसा वीज ही मागणी रास्तच आहे, ती सोडायची नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून दिवसा पुरवठा मिळाला की मात्र ऑटोचं कारण उरत नाही. सोलर फीडरवरसुद्धा सगळ्या मोटरी एकदम उठल्या तर डीपी जळणारच. वीज सूर्याची असली तरी डीपी तीच.

तोवर आम्ही एका डीपीवरचे सगळे बसलो आणि तीन गोष्टी ठरवल्या. ज्यांच्या ऑटोत टायमर आहे त्यांनी एक-एक मिनिटाच्या फरकानं वेळ लावायची, बाकीच्यांनी ऑटो काढायचा. 5 एचपीला 2 केव्हीएआरचा कपॅसिटर वायरमनकडूनच बसवायचा; त्यानं साडेसातचा करंट सव्वासहाच्या आसपास येतो. आणि फ्यूजला योग्य मापाचीच तार.

मंजूर भारापेक्षा मोठी मोटर लपवणाऱ्यांनीही भार वाढवून घ्यावा. खरा भार कागदावर आला तरच मोठी डीपी हक्कानं मागता येईल.

तुमच्या डीपीवर किती मोटरी आणि किती ऑटो? मोजा आणि कमेंटमध्ये सांगा.